ठकूकाकीचं पत्र

"फाडू नगंस गं! कितींदा सांगायचं तुला?"

ठकूकाकीनं माझ्या हातातलं पाकीट हिसकावून घेतलं आणि उजेडाकडं धरून चारी बाजूंनी तपासलं. मी तिकिटाजवळचा कागद जरासा दुमडला होता, एवढंच.

"फाडत नव्हते काकी, बघत होते."

"बघायचं तर डोळ्यांनी बघ. कोपरा फाडल्यालं पत्र कुणाचं आसतंय? मेल्याल्याचं. माझा हणमंता जित्ता हाय."

आमच्याकडे कुणी गेलं की पाहुण्यांना कार्डं टाकायची आणि प्रत्येक कार्डाचा एक कोपरा फाडायचा, अशी पद्धत होती. घेणाऱ्याला वाचता येत नसलं तरी हातात घेताक्षणी कळावं. मग ते पत्र फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही आणि डोक्यावरून अंघोळ करायची. आदल्या वर्षी आमचे आजोबा गेले, तेव्हा वडील कार्डं लिहीत होते आणि शेजारी बसून कोपरे फाडत होते ती मीच. त्यामुळं मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तेव्हा मी आठवीत होते. गाव पुसेगावच्या अलीकडं, साताऱ्यापासून एसटीनं दीड तास. ठकूकाकी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा हणमंत मस्कतला गवंडीकाम करायला गेला त्याला तीन वर्षं झाली होती. त्याचं पत्र महिन्याला यायचं आणि काकीला अक्षरओळख नसल्यामुळं ते वाचायचं काम माझ्याकडं होतं. 'येथील सर्व क्षेम, तिकडील कळवावे' इथून सुरुवात. एकदा सरळ वाचायचं, मग काकी म्हणायची, "आता सावकाश." दुसऱ्यांदा वाचताना ती डोळे मिटून घ्यायची.

माझी मजुरी म्हणजे पाकिटावरचं तिकीट. चुलीच्या वैलावर पाणी कोमट करायचं, ताटलीत पाकीट भिजत घालायचं आणि तिकीट आपोआप सुटलं की ओल्या बोटानं अलगद उचलायचं. पाकीट मग काकी दोरीवर वाळत घालायची आणि ट्रंकेत ठेवून द्यायची. तिकीट माझ्या वहीत जायचं. गावात करमणूक म्हणजे सागरगोटे, भेंड्या आणि रेडिओवरची गाणी. त्यात माझी ही वही म्हणजे मोठीच श्रीमंती होती. मैत्रिणींना ती मी हात धुतल्याशिवाय उघडू द्यायची नाही. अंगात भारी तोरा होता माझ्या.

त्याच हिवाळ्यात वाण्याकडून गूळ आणला, तर तो बांधलेल्या पेपरात एक फोटो होता. इथियोपियातला दुष्काळ. एक मूल, डोकं मोठं, हातापायांच्या काड्या, डोळ्यांच्या कडेला माशा, आणि त्या हाकलायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. मी गूळ डब्यात ओतला, कागद नीट पुसला आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. त्या दिवसापासून ते मूल माझ्या मागंच लागलं. मी चहातली साखर सोडली. ताटातली अर्धी भाकरी बाजूला काढायला लागले.

"तू न्हाई खाल्लंस म्हणून त्यांच्या प्वाटात काय पडणार हाय?" आई करवादायची.

 ती भाकरी शेवटी आमच्या म्हशीच्या पोटात जायची. शाळेत मला 'इथियोपियाची आजी' असं नाव पडलं. पण गुरुजींना माझं कौतुक वाटलं. मी म्हटलं, घरोघर मूठभर धान्य मागूया, ते विकून मदतनिधीला पाठवूया. ते लगेच हो म्हणाले आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर फेरी ठरली. गुरुजी सोडले तर सगळ्या गावात मला हसली नाही ती एकटी ठकूकाकी. तिनं तो फोटो बराच वेळ पाहिला होता.

"ह्याची आई कुठं हाय?" तिनं विचारलं होतं.

"नसेल काकी. मेली असेल."

"मग ह्येला कोण भरवीत आसंल?" असं म्हणून ती उठली आणि फेरीची वाट न बघता तेव्हाच मला शेरभर ज्वारी काढून दिली.

बुधवारी जयमाला, माझी वर्गमैत्रीण, सांगत आली की तिचा पुण्याचा आतेभाऊ आलाय आणि त्याच्याकडं इथियोपियाचं तिकीट आहे.

"देईल?"

"मस्कतचं दिलंस तर. पण तुझ्याकडची सगळी त्याच्याकडं आहेत. नवीन पाहिजे. उद्या बाराच्या गाडीनं जाणार आहे तो."

त्या रात्री मी देवाला काय काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण देवानं ऐकलं. आमच्याकडं पोस्टमन आठवड्यातून दोनदाच यायचा, सोमवारी आणि गुरुवारी. गुरुवारी साडेदहाला दप्तर घेऊन बाहेर पडले तर काकीच्या दाराच्या कडीत पाकीट खोचलेलं. काकी धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. मी पाकीट ओढून काढलं. त्यावर मोठं, लांबट, शिडाच्या जहाजाचं तिकीट होतं. पूर्वी कधी न आलेलं.

भिजवायला वेळ नव्हता. काकीची वाट बघावी तर शाळेची घंटा झाली असती. मी दोन बोटांत कोपरा धरला आणि ओढला. पाकीट पातळ होतं, तिकिटाच्या कडेनं सरळ फाटलं. उरलेलं पत्र मी दाराखालून आत सरकवलं. संध्याकाळी येऊन वाचून दाखवू, असं मनात म्हटलं आणि पळत सुटले. कोपऱ्याचं मला काही आठवलं नाही. बरेच लोक म्हणतात तसं मी म्हणू शकले असते, की काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काहीही वाटत नव्हतं. मी अतिशय आनंदात होते.

शाळेत जाता जाता जयमालाच्या घरी अदलाबदल केली आणि इथियोपियाचं तिकीट मिळालं. त्यावर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई होती. दिवसभर मी ते कंपासपेटीत ठेवून पुन्हापुन्हा बघितलं. शाळा सुटल्यावर फेरी निघाली, दीड पोतं धान्य जमलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. दिवेलागणीला घरी आले तर काकीच्या दारात ही गर्दी.

काकी जोत्यावर बसली होती. लुगडं ओलं, केस ओले, अंगाला कापरं भरलेलं. बायका तिला धरून बसल्या होत्या.

"हणमंता गेला गं उजे," आई मला म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

"कोण म्हणालं?"

"पत्र आलंतं मस्कतचं. कोपरा फाटल्यालं."

 वडील काकीपुढं उकिडवे बसून विचारत होते, "काकी, पत्र कुठाय? मला दावा तरी. कुणाकडनं वाचून घेतलं का?"

"वाचायचं काय ऱ्हायलंय त्यात?" काकी म्हणाली. "चुलीत घातलं. आसलं घरात ठिवत्यात व्हय?"

दुपारीच तिनं पत्र जाळलं होतं आणि आडावर जाऊन गार पाण्याच्या चार घागरी डोक्यावर ओतून घेतल्या होत्या. तेव्हापासून ती तशीच बसून होती. कुणाला कळलं ते दोन तासांनी.

'मी फाडला' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. तेवढ्यात शेजारच्या एका बाईनं मला जवळ ओढलं. "बघा, पोर कशी पांढरी फटक पडली. लई मायाळू हाय बाई. परक्याच्या पोरांसाठी रडती, हितं तर घरचंच." मग मला रडू फुटलं आणि सगळ्यांनी माझीच समजूत घातली. त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले आणि बोलायचं ते राहून गेलं.

वडील म्हणाले, उद्या साताऱ्याला जाऊन हणमंताच्या मुकादमाला तार करतो, काय ते नक्की कळेल. आल्यागेल्यांनीही काकीला तेच सांगितलं, "काकी, धीर धर, खोटंबी आसंल." मी त्या तारेला घट्ट धरून बसले. तार जाईल, उलट तार येईल, सगळं नीट होईल आणि मला काही सांगावं लागणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीनं केलेला हिशेब होता तो, पण तेव्हा मला तो अगदी बिनचूक वाटला.

शुक्रवारी सकाळी आईनं कडू घासाचं ताट केलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. पिठलं आणि भात. ते घेऊन मलाच पाठवलं.

काकी घोंगडी पांघरून पडली होती. अंग तापलं होतं. मी ताट पुढ्यात ठेवलं.

"काकी, दोन घास खा."

"नगं बाळा."

"थोडं तरी खा."

तिनं ताटाकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "तुझ्या त्या आफ्रिकेतल्या लेकरांस्नी दे जा," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. खरोखरच, वाया जायला नको म्हणून ती सांगत होती. मी ताट उचलून परत आणलं. संध्याकाळी पुन्हा नेलं, पुन्हा तसंच आणलं. दोन्ही वेळा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि दोन्ही वेळा मी तोंड उघडलं ते फक्त 'खा' म्हणायला.

शनिवारी सकाळची शाळा होती. घरी आले तर आई म्हणाली, "काकी पाण्याचा घोटबी घीना. असंच चाललं तर टिकत न्हाई म्हातारी." मी दप्तर दारातच टाकलं आणि काकीकडं गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"काकी, कोपरा मी फाडला."

तिनं डोळे उघडले.

"पत्र हणमंतदादाचंच होतं. कडीत होतं. मला तिकीट पाहिजे होतं म्हणून मी फाडला. तो जिवंत आहे काकी. शपथ."

 मग तिनं हात बाहेर काढला आणि माझ्या गालावरून फिरवला. हात चटका बसावा इतका गरम होता.

"गुणाची गं माझी पोर," ती म्हणाली. "माझ्या प्वाटात अन्न जावं म्हणून सोतावर घेतीस व्हय?"

"खरंच सांगते काकी!"

"तू कवाच कोपरा फाडला न्हाईस. भिजवूनच काढतीस. मला ठावं न्हाई व्हय?"

"घाई होती मला. तिकीट द्यायचं होतं."

"बरं, मग पत्रात काय लिवलं हुतं, त्ये सांग."

 तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं, ते मी बघितलं. ती वाट बघत होती. खरंच वाट बघत होती. एक वाक्य नीट सांगता आलं असतं, तर ती उठून बसली असती.

"येथील सर्व क्षेम," मी म्हणाले. "तिकडील कळवावे."

काकी हसली. "त्ये तर त्यो दर बारीला लिवतुया. आनि?"

"तब्येतीला जप. थंडीत बाहेर जाऊ नको."

"आनि?"

आणि काय? मी वाचलंच नव्हतं. तीन वर्षं त्याची पत्रं वाचत होते आणि नेमकं हे एक न वाचता दाराखालून ढकललं होतं. मला रडू आलं. तिचा हात पुन्हा माझ्या गालावर आला.

"त्येचं पत्र आसतं तर तू वाचल्याबिगर ऱ्हायली आसतीस व्हय गं? नगं बाळा. खोट्या शपथा घालू नगंस, तुलाच बाधंल."

मी धावत जाऊन आईला सगळं सांगितलं. आई माझ्याकडं बघत राहिली. तिनं एक शब्दही विचारला नाही, मारलंही नाही. आईला खोटं-खरं कळतं. तिनं माझा दंड धरला आणि मला ओढतच काकीकडं नेलं.

"काकी, पोरगी खरं बोलतीया. हिनंच फाडलं कार्टीनं. हणमंता खुशाल हाय."

"तू बी व्हय?" काकी म्हणाली. "परवा तर तूच रडत हुतीस."

"परवा मला ठावं नव्हतं!"

"दोघी मायाळू हायसा गं."

आई मला म्हणाली, "तिकीट दाव त्यास्नी." मस्कतचं तिकीट तर पुण्याला गेलं होतं. मी कंपासपेटीतून इथियोपियाचं काढून काकीच्या हातात दिलं. याच्या बदल्यात ते दिलं, असं सांगितलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरलं.

"ही कोण बाई?"

"इथियोपियातली."

"टोपलीत काय हाय तिच्या?"

"ठाऊक नाही काकी."

तिनं तिकीट मला परत दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी ती बरळायला लागली. वडिलांनी पुसेगावहून डॉक्टर आणला. छातीत सर्दी भरली आहे, म्हणाला, इंजेक्शन देऊन गेला. वडिलांनाही आईनं सांगितलं होतं. रविवारी ते तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं ओरडत राहिले, "काकी, पोरगा जित्ता हाय!" ती मान हलवायची. अशी मान ती तीन दिवस सगळ्यांनाच हलवून दाखवत होती.

सोमवारी उजाडता उजाडता ती गेली.

तिला बाहेर काढत होते तेव्हा पोस्टमन आला. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं. तो बिचारा सायकल टाकून देऊन शपथा घ्यायला लागला, "पाकीट धडधाकट हुतं हो, म्या ह्या हातांनी कडीत खोचलं!" त्याचंही कुणी खरं मानलं नाही. अंगाशी आलं म्हणून बोलतोय, म्हणाले. वडिलांनी त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मीही काही बोलले नाही. मंगळवारी दुपारी तार आली. हणमंत सुखरूप होता आणि निघाला होता.

आईनं त्या दिवशी मला घरामागच्या परड्यात नेलं. "आता कुणापाशी बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "बोलायचं तवा बोलली न्हाईस. आता बोलून त्या पोराच्या जिवाला आनि घोर लावू नगंस." एवढंच ती म्हणाली आणि पुढं आयुष्यभर तिनं हा विषय काढला नाही. मला वाटतं, तिनं मला त्या दिवशी मारायला हवं होतं.

हणमंतदादा नवव्या दिवशी आला. उन्हानं काळा पडलेला, दाढी वाढलेली. दिवसभर माणसं येत होती. दुपारी जरा पांगापांग झाली तसा तो आमच्या सोप्यात येऊन बसला. आईनं चहा केला, तो त्यानं तसाच ठेवला.

"म्या लिवलं हुतं," तो मला म्हणाला. "उजू वाचून दावील म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिवलं हुतं. कायमचा येतुया म्हणून. शिमग्याला घरी आसंन, आई, आता मागारी जाणार न्हाई म्हणून."

आनि, आनि, असं काकी विचारत होती त्याचं उत्तर मला असं दहा दिवसांनी मिळालं.

"पोस्टात फाटलं म्हणं," तो पुढं म्हणाला.

वडील उठून बाहेर गेले. आई चुलीकडं तोंड करून बसली होती. 

"लोक म्हणत्यात, आईनं अन्नाला हात लावला न्हाई. पाच दिस उपाशी गेली." त्याचा आवाज फुटला. एवढा थोरला बाप्या माणूस, हात जोडल्यासारखे धरून माझ्याकडं बघत होता. "तू जात हुतीस ना तिच्याकडं? काय बी खाल्लं न्हाई तिनं?"

मी आईकडं बघितलं. तिनं मान वळवली नाही.

"खाल्लं," मी म्हणाले. "शनिवारी. माझ्या हातनं दोन घास खाल्ले."

"खरं?"

"खरं."

त्यानं लगेच विश्वास ठेवला. घास कशाचा होता, कधी, कसा, काही काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मोठ्यानं रडला आणि मग उठून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी जे खरं सांगितलं होतं ते काकीला पटावं म्हणून दोन दिवस आम्ही तिघं झटलो होतो.

त्या दिवाळीपासून हणमंतदादा भाऊबीजेला माझ्याकडं येतो. त्याला सख्खी बहीण नाही. माझं लग्न झालं, मी कऱ्हाडला आले, तरी त्यानं एक वर्ष चुकवलं नाही. माझ्या मुलांना तो सांगतो, "तुमच्या आईनं माझ्या आईला शेवटचा घास घातला." मुलं मोठी होईपर्यंत हे ऐकत आली आहेत. प्रत्येक वर्षी मी ठरवते की यंदा सांगायचं, आणि प्रत्येक वर्षी तो दारात दिसला की माझी जीभ आत ओढली जाते. आई गेली, वडील गेले, आता हे माहीत असलेली मी एकटीच आहे.

यंदाही तो आला होता. सत्तरीला टेकलाय, गुडघ्यांवर हात ठेवून कसाबसा पाटावर बसला. मी ओवाळलं. ताट वाढून पुढ्यात ठेवलं, तर दरवर्षीसारखा हात मागं घेऊन थांबला.

"आधी तुझ्या हातनं एक," तो म्हणाला आणि तोंड उघडलं.

मी घास घातला.